अंभोरे मिस्त्रींचं रक्त

रक्त द्यायला आलेला माणूस आधी माझ्या हाताकडे बघतो, मग सुईकडे आणि शेवटी छताकडे. एकतीस वर्षं मी हेच बघत आले. नांदुऱ्याला स्टेशन रोडवर माझी रक्त-लघवी तपासायची लॅब होती. एक खोली, एक पडदा, दोन मशिनं, एक फ्रीज आणि बाहेर एक बाकडं. गेल्या वर्षी डोळे कुरकुरायला लागले तेव्हा ती बंद केली. पण गावात माझी ओळख अजून 'रक्तवाल्या मॅडम' अशीच आहे. भाजीबाजारात मला बघून एखादं पोर आईच्या पदराआड गेलं की समजायचं, याला मी कधीतरी टोचलेलं आहे.

या अंकाच्या संपादकांनी कळवलं की कामातले गमतीदार अनुभव लिहा. गमती पुष्कळ आहेत. आपली साखर जास्त निघू नये म्हणून धाकट्या भावाला रक्त द्यायला पाठवणारे एक दुकानदार होते. भावाची साखर त्यांच्याहून जास्त निघाली आणि बिंग फुटलं ते फुटलंच, वर दोघांच्याही घरात गुळाचा चहा बंद झाला. एक आजी दर वेळी विचारायच्या, "तपासून झालं का माहं रक्त वापस देता का?" मी नाही म्हटलं की त्या नाराज व्हायच्या. एवढं सगळं रक्त या बाईच्या घरी जातं तरी कुठं, हा त्यांचा प्रश्न मी कधी समाधानकारकपणे सोडवू शकले नाही.

पण लिहायला बसले आणि गमती बाजूला राहिल्या. डोक्यात एकच माणूस येऊन बसला, म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते. ते मिस्त्री आणि त्यांची बायको, दोघांना विचारून लिहिते आहे. मिस्त्री म्हणाले, "लिहा ना." त्यांच्या बायकोनं जरा वेळ घेतला आणि मग ती म्हणाली, "लिहा, पण सगळं लिहा."

देवानंद अंभोरे हे वडनेर भोलजीचे. सुतारकाम करायचे, म्हणून सगळे त्यांना अंभोरे मिस्त्री म्हणत. पहिल्यांदा लॅबमध्ये आले तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडलेली. उंच, हाडापेरानं मजबूत, पण चालणं असं की जणू डोक्यावर पाण्यानं भरलेली घागर आहे. बरोबर त्यांची पत्नी सुनंदाताई. मुंबईच्या हॉस्पिटलची जाड फाइल तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मी फाइल मागितली तर तिनं आधी टेबल कोरडं आहे का ते पाहिलं आणि मग ठेवली.

तीन महिन्यांपूर्वी मिस्त्रींनी सागवानाची जड चौकट एकट्यानं उचलली होती. "पाठीत कोनी करवत चालवल्यावानी झालं," ते म्हणाले. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, तिला आतून चीर गेली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी ती वेळेत ओळखली, मुंबईला पाठवलं, आणि तिथं आठ-नऊ तासांची शस्त्रक्रिया होऊन मिस्त्री वाचले. मी फाइल वाचत होते आणि त्यांनी मला ती शस्त्रक्रिया आपल्या भाषेत समजावून सांगितली.

"मॅडम, मूळ पाइप सडला व्हता. तेवढा तुकडा काढून कापडाची नळी जोडली मले. तिच्या तोंडाशी नवा व्हॉल बसवला, कडक मालाचा. पण खालचा पाइप जुनाच हाये, पोटापर्यंत. त्याच्यावर प्रेशर द्याचं नाई."

याहून सोपं करून सांगणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे.

तो जो कडक मालाचा व्हॉल, म्हणजे कृत्रिम झडप, तिच्यामुळे मिस्त्री माझ्याकडे आले. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून माणसाला रोज एक गोळी घ्यावी लागते, जन्मभर. लोक तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. रक्त पातळ वगैरे काही होत नाही, गोठायला जास्त वेळ लागतो इतकंच. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी. जास्त झाली तर हिरडीतून, नाकातून, कधी डोक्याच्या आत रक्तस्राव. मधली वाट अरुंद आहे. माणूस त्या वाटेवर आहे की नाही हे सांगणारी एक तपासणी असते, तिचा आकडा मिस्त्रींच्या बाबतीत दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा होता. दर महिन्याला तो आकडा काढायचा आणि अकोल्याच्या डॉक्टरांना कळवायचा, मग ते गोळी कमी-जास्त करणार, असं ठरलं.

त्या दिवशी मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि तेवढ्यात फ्रीजची घरघर थांबली. खोली शांत झाली. मला टिकटिक ऐकू आली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते कित्येक महिने बंदच होतं.

"ते मीच हाव मॅडम," मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणाले.

मोठ्या ऑपरेशनमधून माणूस वाचला की गाव पेढे खातं. त्यानंतरचं कोणी विचारत नाही. माझ्यासारखीला ते दिसतं, कारण माझ्याकडे माणूस दर महिन्याला येतो आणि दंड पुढे करून पाच मिनिटं बसतो. त्या पाच मिनिटांत सुईकडे बघायचं नसतं म्हणून तो बोलतो.

त्या पहिल्या भेटीनंतर वर्षभर मिस्त्री फारसं बोलत नव्हते, सुनंदाताई बोलायची. जड उचलायचं नाही, मोटारसायकल चालवायची नाही, कुंथायचं नाही, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, पालेभाज्या एकदम जास्त खायच्या नाहीत, दाढी ब्लेडनं करायची नाही. फाइलमध्ये डॉक्टरांनी दहा गोष्टी लिहिल्या होत्या. सुनंदाताईनं त्यांच्या पंचवीस केल्या होत्या. मिस्त्रींची सगळी हत्यारं, रंधे, पटाश्या, करवती, तिनं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली होती. मिस्त्री दिवसभर घरापुढच्या ओट्यावर बसत. येणारे-जाणारे थांबून म्हणत, "कसं हाये मिस्त्री? आराम करा." आणि दाराचं, खिडकीचं काम दुसऱ्या गावच्या सुताराला देत. त्यांचं चुकत होतं असंही नाही. मरता मरता वाचलेल्या माणसाला कोण काम सांगणार?

एकदा मिस्त्रींनी विचारलं, "मॅडम, रंधा मारू का?"

"कायचा रंधा?" सुनंदाताई मधेच म्हणाली. "हात कापला तं रक्त थांबत नाई, डॉक्टरनं सांगतलं ना तुमाले?"

"तू थांब जराशी. मी मॅडमले विचारून राह्यलो."

मी तेव्हा सगळे तंत्रज्ञ देतात तेच उत्तर दिलं. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांना विचारा.

पुढच्या महिन्यात सुनंदाताई ऑटो बघायला बाहेर गेली होती. मी कापसाचा बोळा त्यांच्या दंडावर दाबून धरला होता. अशा पेशंटला बोळा बराच वेळ दाबावा लागतो. मिस्त्री छताकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ही गोळी सोडून देल्ली तं किती दिवसांत खेळ आटपते?"

मी बोळा सोडला नाही. विचारलं, "जेवून निघालात का?"

"भूक नसते."

"झोप?"

"पडून राहतो. लाकडाचा वास नाई आला तं मले दिवस उगवल्यावानीच वाटत नाई. हे आता कोनाले सांगावं?"

ते गेल्यावर मी लॅबला कडी लावली आणि अकोल्याच्या डॉक्टरांना फोन केला. नुसता आकडा सांगण्यापलीकडे मी त्यांच्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. हा माणूस गोळी सोडण्याचा विचार करतोय, असं स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांनी दोघांना दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं आणि बराच वेळ बसवून बोलले. मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं, काही महिने त्यांच्या गोळ्या चालल्या. आणि त्यांनी सुनंदाताईला जे सांगितलं ते तिनं पुढच्या महिन्यात मला रागारागानं ऐकवलं.

"म्हने, नवऱ्याले वाचवलं ते काचेच्या कपाटात ठेवाले नाई. हलकं काम करू द्या म्हने. जड नाई उचलायचं, दम कोंडून जोर नाई लावायचा, हातात मोजे घालायचे, पट्टी जवळ ठेवायची, बस. सांगाले काय जाते त्याईचं! ते काय आमच्या घरी येऊन बसनार हायेत?"

पण माळ्यावरचं पोतं तिनंच खाली काढलं. मिस्त्री मला सांगत होते, तिनं हत्यारं एकेक पुसून, तेल लावून, ओट्यावर ओळीनं मांडली आणि स्वतः समोर बसली, मांडीवर कापसाचं बंडल घेऊन. त्या दिवशी मिस्त्रींनी फक्त एक पाट केला. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या हातांवरून नजर काढेना.

नंतरची चार वर्षं बरी गेली. मिस्त्री दारं-चौकटी करत नसत, पण पाट, चौरंग, पोळपाट, पोरांची लिहायची डेस्कं, देव्हारे असलं सुबक काम त्यांच्याकडे येऊ लागलं. बुद्धविहारात जाणारा हा माणूस अर्ध्या नांदुऱ्याचे देव्हारे करायचा. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "देव कोनाचा का असेना, सांधा सरळ पाहिजे." विहारात मात्र त्यांची पंचाईत व्हायची. पौर्णिमेला सगळे डोळे मिटून शांत बसले की त्यांची टिकटिक सगळ्यांना ऐकू यायची. एका म्हाताऱ्या बाईनं डोळे न उघडताच फर्मावलं होतं, "कोनाचं घड्याळ वाजून राह्यलं बे? बाहेर नेऊन ठेवा." मिस्त्री निमूटपणे उठून बाहेर जाऊन बसले. लोकांना कळलं तेव्हा हसून हसून ध्यान मोडलं. ती टिकटिक त्यांना पहिल्या वर्षी नकोशी वाटायची. नंतर तिची सवय झाली, आणि सुनंदाताईला तर ती ऐकू आल्याशिवाय चैन पडत नसे.

दर वर्षी दिवाळीच्या आधी अकोल्याला जाऊन महाधमनीच्या खालच्या, न बदललेल्या भागाचा स्कॅन काढायचा असे. तो रुंदावत तर नाही ना, ते बघायला. स्कॅन काढून येताना दोघं माझ्याकडे थांबत आणि पाकीट माझ्यापुढे ठेवत. मी सांगायचे की मला यातलं काही कळत नाही. "कागद तरी वाचा," मिस्त्री म्हणत. मी वाचायचे. मागच्या वर्षीइतकाच, असं इंग्रजीत लिहिलेलं असे. तेवढं ऐकलं की दोघं बाहेरच्या बाकड्यावर बसून डबा उघडत. दिवाळी तिथून सुरू व्हायची.

आता जे सांगायचं ते सांगते.

या तपासणीची नळी निळ्या टोपणाची असते. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून थोडं औषध आधीच भरलेलं असतं, आणि नळीवर एक रेघ असते. रक्त बरोबर त्या रेघेपर्यंत भरायचं. कमी भरलं तर रक्ताच्या मानानं औषध जास्त होतं, रक्त गोठायला उगीच वेळ लागतो, आणि मशीन आकडा मोठा दाखवतं. खरा आकडा अडीच असला तरी पाच-सहा दिसू शकतो. लॅबच्या अभ्यासक्रमात हे पहिल्या वर्षी शिकवतात. मी स्वतः कितीतरी मुलींना शिकवलं होतं.

त्या चार वर्षांच्या शेवटी एकदा तापाची साथ होती. बाकडं भरलेलं, माणसं पायऱ्यांवर बसलेली. मिस्त्रींच्या शिरा एवढ्या वर्षांत टोचून टोचून कडक झाल्या होत्या. सुई लागली, रक्त आलं, आणि नळी अर्ध्याच्या जरा वर गेल्यावर थांबलं. दुसऱ्या हाताला नवी नळी घेऊन पुन्हा टोचायला हवं होतं. मिस्त्री म्हणाले, "असू द्या मॅडम, एवढ्यात नाई होत का? गर्दी हाये." हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्यांना रेघ माहीत नव्हती, मला होती. मी नळी तशीच मशीनला लावली.

आकडा आला पाच पॉइंट आठ. तिथंही थांबता आलं असतं. मिस्त्रींना कुठं रक्त येत नव्हतं, गोळी बदललेली नव्हती, चार वर्षांत आकडा साडेतीनच्या वर गेला नव्हता. मी तो तसाच डॉक्टरांना कळवला. त्यांनी जे करायला हवं तेच केलं. दोन दिवस गोळी बंद, मग अर्धी, पाचव्या दिवशी पुन्हा तपासा. पाचव्या दिवशी मिस्त्री आले नाहीत. रोहिणखेडला सुनंदाताईच्या मावशी वारल्या, दोघं तिकडे गेली. माझ्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव त्या तारखेला लिहिलेलं होतं. संध्याकाळी मी ते पान उलटलं आणि फोन केला नाही.

त्या तपासणीनंतर सतरा दिवसांनी, दुपार कलल्यावर, काळी-पिवळी जीप दारात थांबली. सुनंदाताई आधी उतरली.

"मॅडम, याईचा आवाज बद्द झाला."

"घसा बसलाय का?"

"घसा नाई! आतला. दुपारी खाटीवर पडले व्हते, मी तिथंच ज्वारी निवडत व्हती. माठ घेताना आपन ठोकून पाहतो ना? फुटका असला तं कसा वाजते? तसा. टिक नाई, थप. मी कान लावून पाह्यलं."

"काई नाई मॅडम," मिस्त्री मागून म्हणाले. "जराशी धाप लागून राह्यली, उन्हाची." ते दोन पायऱ्या चढून आले होते आणि वाक्याच्या मधे श्वास घेत होते.

मी रक्त काढलं. नळी रेघेपर्यंत भरली. मशीन दोनदा चालवलं. एक पॉइंट तीन. दुसऱ्यांदाही तेच. अर्ध्या गोळीवर आकडा एवढा खाली आला होता, म्हणजे मागच्या वेळी तो वर गेलेलाच नव्हता. मला उभ्या उभ्या ती अर्धी भरलेली नळी दिसली.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मागच्या वेळी पाच पॉइंट आठ होता ना?"

"तो आकडा चुकीचा होता, सर. नळी कमी भरली होती."

त्यांनी धाप कधीपासून आहे ते विचारलं. मग म्हणाले, "लगेच घेऊन या. चालू देऊ नका त्यांना."

मी बाकड्यावरच्या माणसांना उद्या या म्हटलं, लॅबला कुलूप लावलं आणि जीपमध्ये त्यांच्याबरोबर बसले. खामगावच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, सगळी वाहनं थांबवलेली. सुनंदाताई ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, गाडी बंद करता का दोन मिनिटं?" त्यानं इंजिन बंद केलं. तिनं मिस्त्रींच्या छातीला कान लावला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला तर आमचा ड्रायव्हर खाली उतरून त्याला गप्प करून आला. ती तशीच कान लावून होती.

"येते अजून," ती म्हणाली. "लहान येते, पण येते."

मी तिच्या शेजारी बसले होते. तिनं माझा हात धरला होता. तेव्हा मला सांगता आलं असतं.

अकोल्यात तपासणी झाली. झडपेला दोन पाकळ्या असतात. एक हलत होती, दुसरी गुठळीनं धरून ठेवली होती. पुन्हा छाती उघडणं किंवा गुठळी विरघळवायचं औषध देणं, असे दोन रस्ते होते, दोन्ही धोक्याचे. औषध दिलं. दुसऱ्या दिवशी पाकळी सुटली, टिकटिक परत आली, सुनंदाताई वॉर्डात मोठ्यानं रडली. पण त्या सुटलेल्या गुठळीचा एक कण मेंदूकडे गेला होता. मिस्त्रींचा चेहरा वाचला, बोलणं वाचलं, पाय वाचला. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तेवढी ढिली पडली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. डॉक्टरांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. पण सुताराचा उजवा हात हातोडी मारतो आणि डाव्या हातात पटाशी असते.

तीन आठवड्यांनी मी वडनेरला गेले. मिस्त्री ओट्यावर बसून डाव्या हातानं रबरी चेंडू दाबत होते. सुनंदाताईनं खुर्ची आणून ठेवली. मी बसले नाही. नळीचं, रेघेचं, आकड्याचं, न केलेल्या फोनचं, सगळं सांगितलं. शेजारच्या घरी कुणीतरी मिरच्या कांडत होतं.

मग सुनंदाताईनं विचारलं, "मॅडम, त्या दिवशी जीपमधी तुमी माह्या बाजूले बसल्या व्हत्या. तवा तुमाले मालूम व्हतं?"

"हो."

ती उठून आत गेली.

"सुनंदा, चहा ठेव मॅडमले," मिस्त्री म्हणाले. चहा आला नाही. मी थोडा वेळ थांबले आणि निघाले. मिस्त्री माझ्याबरोबर हायवेपर्यंत आले. मी नको म्हणत होते, तरी आले.

"राग येऊन राह्यला मॅडम मले," ते चालता चालता म्हणाले. "खोटं कायले सांगू? बोटं गेली माही. पण तुमी नसतं सांगतलं तं आमाले आयुष्यात समजलं नसतं, हे बी खरं हाये. आता हा राग कोठी नेऊन ठेवू, तेच समजत नाई."

बस आली, मी बसले.

त्यानंतर सात-आठ महिने ते माझ्याकडे आले नाहीत. तपासणी मलकापूरला करत होते, एवढं अकोल्याच्या डॉक्टरांकडून कळायचं. मी माझ्या परीनं काही गोष्टी बदलल्या. नळी रेघेखाली राहिली तर फेकून द्यायची, मग पेशंट कितीही कुरकुरो. न पटणारा आकडा दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय कळवायचा नाही. ज्याची तारीख चुकली त्याला त्याच संध्याकाळी फोन. हे सगळं आधीपासून करायचंच असतं. आपण करत होतो असं मला वाटत होतं.

एका सकाळी दोघं आली. मिस्त्री नेहमीच्या स्टुलावर बसले, बाही वर केली. सुनंदाताई दारातच उभी राहिली.

"मलकापूरले उन्हातान्हात याईले झेपत नाई," ती म्हणाली. "म्हनून आलो. पन एक सांगते मॅडम. नळी भरेपर्यंत मी इथं उभी राहीन. कुठवर भरा लागते ते मले दाखवा."

मी निळ्या टोपणाची नळी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडाकडे धरली, रेघेवर नख ठेवलं, आणि परत दिली. मी रक्त काढलं. ती वाकून बघत होती. रेघेला टेकल्यावर म्हणाली, "हाव. आता झालं."

तेव्हापासून लॅब बंद होईपर्यंत, दर महिन्याला, ती माझ्या खांद्यामागे उभी राहिली. मला सुरुवातीला वाटायचं, कधीतरी ती बाहेर बाकड्यावर जाऊन बसेल. ती कधीच बसली नाही. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, घरचं लोणचं आलं, माझ्या मुलीच्या लग्नाला दोघं दोन दिवस राहिली. पण नळी भरताना ती उभी असायची. मी ते मान्य केलं आहे.

आणि मिस्त्रींच्या हाताचं असं झालं. चेंडू दाबून दाबून अंगठ्यात थोडी ताकद आली, पण पटाशी काही ठरेना. घसरली तर पुन्हा रक्त. तेव्हा एक दिवस सुनंदाताईनं ती धरली. मिस्त्री खूण करून देणार, ती पटाशी धरणार, ते उजव्या हातानं ठोकणार. पहिले काही दिवस दोघांची इतकी भांडणं झाली की शेजारी मधे पडले. "तिरपी धरू नको," "मंग सरळ सांगा ना कुठं धरू!" असं सकाळपासून चालायचं. मग जमलं. पुढं ती एकटीही खाच पाडू लागली, रंधा मारू लागली. जड फळी उचलायची असली तर ती उचलते आणि मिस्त्रींना हात लावू देत नाही. गावातल्या बायका आधी हसल्या. आता वडनेरमध्ये कुणाला पोराच्या अभ्यासाचं डेस्क पाहिजे असलं तर 'मिस्त्रिणीकडे' जा म्हणतात. मिस्त्री यावर खूश आहेत की नाही, ते चेहऱ्यावरून कळत नाही. एकदा मला म्हणाले, "मॅडम, तिचा सांधा माह्यापेक्षा घट्ट बसते. पन तिले सांगू नका."

मधे एका वर्षी स्कॅनमध्ये खालची महाधमनी थोडी रुंदावलेली दिसली. सहा महिने त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पुन्हा ऑपरेशन सांगतील का, या एकाच विचारात दोघं होती. ब्लडप्रेशरची गोळी वाढवली, मिठाचा डबा वरच्या फळीवर गेला, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. तेवढीच होती. अजून तेवढीच आहे. कधीतरी वाढेल की नाही वाढणार, हे कुणी सांगू शकत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस बरा झाला. त्या घरात 'बरा झाला' असं कुणी म्हणत नाही. 'चालू हाये' म्हणतात.

लॅब बंद करताना मी माझ्या जुन्या पेशंटांची यादी स्टेशनसमोरच्या नव्या लॅबमधल्या मुलीला दिली. हुशार मुलगी आहे, मशिनंही माझ्यापेक्षा चांगली आहेत. महिन्याभरानं तिचा फोन आला. ती अगदी टेकीला आलेली.

"मॅडम, तुमचे ते वडनेरचे मिस्त्री आलेत. त्यांच्यासोबत एक बाई आहेत. टोचूच देत नाहीयेत. म्हणतात, आधी नळी दाखवा, रेघ कुठं आहे ते दाखवा, मी इथंच उभी राहणार. बाहेर वीस माणसं बसलीत. काय करू मी?"

मागून सुनंदाताईचा आवाज येत होता. काहीतरी ठासून सांगत होती.

"दाखव," मी म्हटलं. "आणि तिला नीट दिसेल अशी उभी राहा."